सात नंबरची चूल

छत्तीस वर्षांच्या संसारानंतर झुंबरबाई आणि गेणभाऊ वेगळे झाले. मात्र असं काही झालंच नाही, हे मढच्या वरच्या अंगाला असलेल्या त्या वाडीत सर्वानुमते ठरलेलं आहे. तेव्हा आपणही तसंच धरू. तर झुंबरबाई ओटीवर चुलीचे तीन दगड मांडत होती.

"अवं, फुंका की," ती नवऱ्याला म्हणाली. "धूर दिसला पायजे."

"आत चूल हाय की."

"ती माजी. ही तुमची. आजच्यापुरती."

समोरच्या अंगणात धोंडाबाई, तिची थोरली जाऊ, सकाळपासून ठेवणीतलं लुगडं नेसून बसली होती. तिच्या दारावर खडूनं सात लिहिलं होतं, झुंबरबाईच्या दारावर सहा. मोबाइलच्या नकाशात वाडीच्या जागी नुसता हिरवा रंग होता. म्हणून सर्वेक्षणाला आलेल्या कळंबच्या नूतननं काल पायी फिरून वाडी वहीत काढली, दारांना आकडे घातले आणि प्रश्नांसाठी एकच घर निवडायला देवळापुढे चिठ्ठी उचलली. सात निघाला. आता धोंडाबाईला एकशेचाळीस प्रश्न विचारणार होते. "सरकारनं मला निवडलंया," असं ती विहिरीवर दोनदा सांगून आली होती. दुसऱ्यांदा तर हंडाही न घेता.

झुंबरबाईला आजवर 'आज काय केलंय?' याखेरीज कुणी काही विचारलं नव्हतं. आणि तेही ताट पुढ्यात आल्यावर.

पण काल नूतनच्या बोलण्यातलं एक वाक्य तिनं पदराला गाठ मारून ठेवलं होतं: एक चूल म्हणजे एक कुटुंब.

नूतन आली आणि धूर बघून थबकली.

"आजी, इथं दोन चुली?"

"दोन. आमी येगळं खातो."

"काल बोलला नाहीत."

"घरातलं भांडाण लगीच सांगत्यात व्हय, बाई?"

यादी चुकली तर यादी दुरुस्त करायची, निघालेला आकडा बदलायचा नाही, असा नूतनचा नियम होता. तिनं आतल्या चुलीला सहा दिला, ओटीवरच्या चुलीला सात. मग पुढचे आकडे एकेकानं सरकवायला समोर जाऊन धोंडाबाईच्या दारावरचा सात पुसला आणि आठ लिहिला. आपल्या दावणीला दुसऱ्याची शेळी बांधलेली दिसावी तशी धोंडाबाई त्या आठाकडे बघत राहिली.

झुंबरबाई हात पुसून ऐसपैस बसली.

"हं, इचार."

"तुम्ही सहामधल्या, आजी. सातात हे बाबा एकटेच."

एवढंच तिच्या ध्यानातून निसटलं होतं. खोटंखोटं वेगळं होतानाही स्वतःची चूल सोडायची, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

गेणभाऊ हा दिवसाकाठी 'हां' आणि 'बगू' एवढ्यावर भागवणारा माणूस. पण कुणीतरी पेन उघडून समोर बसलंय म्हटल्यावर तो सुटला. वरईवर बोलला, गुडघ्यांवर बोलला. 'घरात पंखा आहे का?' या प्रश्नाला त्यानं वाडीत वीज कशी आली तिथपासून सुरुवात केली. धोंडाबाईला राहवेना. ती येऊन जावेच्या शेजारी पायरीवर बसली.

"सरक, झुंबरे. भावजी बोलत्यात किती गं!"

"मला कदी येवढं बोललं न्हाईत."

"कुटुंबात माणसं किती?" नूतननं विचारलं.

गेणभाऊनं आतल्या दाराकडे पाहिलं.

"येक."

"आजारी पडलात तर कोण बघतं?"

"शेजारीण हाय. सहा नंबरातली." त्यानं विझत आलेल्या लाकडावर फुंकर घातली. "लई जीव लावती. मागं ताप व्हता, तर आठ रोज झोपली न्हाई. ल्ह्या तेवढं. पर तिला सांगू नका."

झुंबरबाईला त्या सहा नंबरवालीचा असा काही हेवा वाटला की तिला जागचं उठवेना.

शेवटी नूतननं विचारलं, "शेऱ्याच्या रकान्यात काही लिहायचंय का?" तेव्हा मात्र झुंबरबाईनं तिला बाजूला नेलं आणि बराच वेळ सांगत राहिली. नूतननं ते कार्यालयाला कळेल अशा भाषेत उतरवलं:

'उपरोक्त दोन्ही चुली पूर्ववत एकत्र करण्यात याव्यात, तथापि क्र. ७ यांनी क्र. ६ बाबत दिलेले उत्तर कायम ठेवून, ते क्र. ६ यांना वर्षातून किमान एकदा समक्ष ऐकवण्याचे आदेश क्र. ७ यांना व्हावेत, ही नम्र विनंती.'