रिकाम्या पेल्यातलं भांडण

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. घाम आणि फाटलेलं दूध यांचा असा आंबूस वास कोंदला होता की मी नाकाला रुमाल लावूनच आत घुसले. मंचावर पेशीबाबा. शेजारच्या टोपलीत माणसं आपल्या गोळ्यांची पाकिटं टाकत होती, आणि प्रत्येक पाकिटाला टाळ्या!

माझ्या लेकीच्या पोटात माझं मूत्रपिंड आहे. तिने जगावं म्हणून दिलंय. आणि आमचे शिकलेसवरलेले जावईबापू तिला गोळ्या सोडवायला इथे घेऊन आले होते.

“आई, गोळ्यांनी तिचं तोंड सुजतं, हात थरथरतात. बाबा रक्तातल्या पेशींना शांत करतात.”

“पेशींना कान असतात का हो?”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं समजावलं होतं. परका अवयव दिसला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्या अंगावर धावतात; गोळ्या त्यांना आवरून धरतात. पण त्यांच्यातच थोड्या पेशी भांडण सोडवणाऱ्या असतात. त्या रक्तातून काढून, प्रयोगशाळेत वाढवून परत शरीरात सोडल्या, तर नवा अवयव सुखाने नांदेल. ज्या आजारांत शरीर स्वतःलाच पोखरतं, त्यांतही उपयोग होईल. “पण चाचण्या अजून चालू आहेत. तोवर एक गोळी चुकवायची नाही,” असं त्यांनी बजावलं होतं. या भामट्याने त्यातले दोन शब्द उचलले आणि दुकान थाटलं.

“या, माते! ये, कन्ये!”

त्याने आम्हा दोघींच्या बोटांना सुई टोचली, एका पेल्यात एकेक थेंब पाडला आणि वरून थर्मासमधलं गरम दूध ओतलं. दूध फाटलं.

“पाहा! मायलेकींच्या रक्ताची हाणामारी!” डोळे मिटून तो काहीबाही पुटपुटला, फुंकर मारली. दुसऱ्या पेल्यात पुन्हा थेंब पाडले, दूध ओतलं. दूध जसंच्या तसं. “पेशींना दीक्षा मिळाली!”

मग ते चिकट, रक्ताळलेलं बोट त्याने माझ्या लेकीच्या कपाळाला पुसलं. मला शिसारी आली. तिचा हात टोपलीकडे निघाला होता.

“थांब गं!”

आयुष्यभर दूध तापवलंय मी. थेंबभर रक्ताने ते असं फाटतं होय? पुढच्या रुग्णासाठी मांडलेला रिकामा पांढरा पेला मी उचलला.

“माते, हात नको! पावित्र्य भंगेल!”

“भंगू दे.”

त्याच्याच थर्मासमधलं दूध ओतलं. रक्त नाही, फुंकर नाही. दूध फाटलं.

“आता यात कोण कुणाशी भांडतंय रे?”

“तुमच्या... तुमच्या संशयाने फाटलं!”

“असं?” मांडलेल्यांतला अजून एक रिकामा पेला घेतला, बुडाला बोट फिरवून जिभेला लावलं. आंबटढाण! लिंबाचं सत ओलं करून बुडाला फासलेलं आणि वाळवलेलं. पांढऱ्यावर पांढरं, दिसणार कुणाला? दीक्षेचा पेला तेवढा स्वच्छ. “घ्या जावईबापू, चाखा. शिकलायत ना?”

चाखलं. तोंड कसनुसं झालं. मान खाली गेली.

मग टोपलीवर झुंबड उडाली. “माझी कुठली? ही तुमची का?” पेशीबाबा मागच्या दाराने पसार. एक शिंपी मात्र जागीच बसून राहिला. “माझंही मूत्रपिंड दुसऱ्याचं. मी मागच्या खेपेलाच गोळ्या टाकल्या हो. तेव्हापासून लघवी कमी झालीय.”

“मग बसलात काय? उठा! जावईबापू, गाडी काढा. यांना आधी दवाखान्यात न्या.”

लेकीने माझ्यादेखत गोळी घेतली. हात थरथरत होता. थरथरू दे, जिवंत आहे तो.

भांडण सोडवणाऱ्या पेशींचं औषध येईल तेव्हा येईल, आणि दवाखान्यातूनच येईल. तोवर कुणी चमत्कार दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच म्हणा: ज्याने हे घडलं म्हणतोस, ते न घालता आता हेच करून दाखव.