पावलीवाले

हुपरीजवळच्या त्या गावात आक्काताई कांबळेच्या घराला सगळे ‘पावलीवाले’ म्हणायचे. तिच्या आजोबानं, राणूनं, आपलं रान चार आण्यांना, म्हणजे एका पावलीला विकलं, असं कुणा अर्धवट मोडी वाचणाऱ्यानं एकदा जुना कागद बघून ठोकून दिलं होतं. गावाला काय, फुकटची करमणूक. आक्काताईचा बाप मात्र मरेपर्यंत चावडीपुढून मान खाली घालून गेला. गावापेक्षाही त्या खाली घातलेल्या मानेचा तिला भयंकर राग यायचा.

अठ्ठ्याण्णव साली भावकीतल्या चुलत-चुलतभाऊ कृष्णातनं सहाच्या सहा एकर रान एकट्याच्या नावावर लावायचा अर्ज केला. बापाची एकुलती एक लेक असलेल्या आक्काताईनं हरकत घेतली.

कृष्णात फिदीफिदी हसला. “आक्का, तुमचं चार आणं आजानं तवाच खाल्लं की!”

ती तडक एसटीनं कोल्हापूरला गेली. सरकारी दप्तरातून त्या जुन्या कागदाची नक्कल काढली आणि शिवाजी पेठेत नौमान मुजावरच्या दुकानात जाऊन बसली. नौमान घड्याळं दुरुस्त करायचा आणि लोकांना मोडी वाचून द्यायचा. डोळ्याचं भिंगही न काढता त्यानं वाचलं, “राणू, चार आणे. त्याच्या खाली सिदू, बारा आणे.”

सिदू म्हणजे कृष्णातचा आजा. आक्काताईचे डोळे चमकले.

“म्हंजे त्येनंबी विकलं? बारा आण्याला?”

“मावशी, बेरीज करा की.”

तिनं बोटं मोजली. सोळा.

“हे पैसं न्हाईत,” नौमान म्हणाला. “अख्खं रान म्हंजे सोळा आणे धरायचे. ज्याचा जेवढा वाटा, तेवढे आणे. विकल्याचं हितं अक्षरबी न्हाय. तुमचा आजा पाव रानाचा मालक हाय.”

आक्काताईला रडू आलं, आणि रडू आल्याचा संतापही आला. चाळीस वर्षं बाप उगीच लाजला होता.

चावडीत मंडल अधिकाऱ्यापुढं सुनावणी लागली तेव्हा निम्मं गाव मजा बघायला जमलं. कृष्णातनं तेच तुणतुणं लावलं. चार आण्याला विकलं, विषय संपला.

“बरं,” आक्काताई म्हणाली आणि नक्कल त्याच्या नाकापुढं धरली. “खालचं नाव तुझ्या आजाचं. बारा आणे. चार आणे ही किंमत असंल, तर बारा आणेबी किंमतच. मग इकलेल्या रानात तू नांगर कशाला घालतोस रं?”

कृष्णातनं साहेबाकडं बघितलं, साहेबानं कागदाकडं. दोन्ही आकड्यांची बेरीज सोळा आणे भरलेली बघून साहेबानं राणूच्या वारसाचा पाव हिस्सा लिहायला घेतला.

“आक्का,” कृष्णात हळूच म्हणाला, “बांधाकडची दोन गुंठं घे की. भावकीत कशाला वाद?”

“दोन गुंठं तुलाच ऱ्हाऊ देत. मला माझी पावली पायजे. पुरी.”

सही करून ती बाहेर आली. कट्ट्यावरून सवयीनं कुणीतरी हाळी दिली, “पावलीवाली चालली!”

बाप जिथून मान खाली घालून जायचा, तिथंच ती थांबली आणि वळली.

“व्हय. दीड एकराची.”