जावयाचं बेंगळूर

पाहुणे आले की त्यांना बेंगळूर दाखवायचं काम उमाकांतांचं, हे नात्यागोत्यात ठरूनच गेलं होतं. बेळगाव, हुबळी, तंजावूर, माणूस कुठूनही येवो; जयनगरच्या घरी कॉफी झाली की उमाकांत चपला सरकवत म्हणायचे, "चला, तुम्हाला आमचं बेंगळूर दाखवतो." मग लालबाग, विधानसौध, बसवनगुडीचा मोठा नंदी आणि परतताना मसाला डोसा. पाहुणे खूश, उमाकांत त्याहून खूश. त्यांचं घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथे आलेलं, त्यामुळे 'आमचं' हा शब्द ते जरा जोर देऊनच उच्चारायचे.

मुलीचं, स्मृतीचं लग्न झालं आणि या मानात वाटेकरी आला. जावई शंभूराज साताऱ्याचा, बेळ्ळंदूरला नोकरी, शहरात येऊन जेमतेम तीन वर्षं झालेली. पण सुट्टी मिळाली की हा पठ्ठ्या मोटारसायकल काढून गल्लीबोळ पालथे घालायचा.

दिवाळीत उमाकांतांची आतेबहीण भागुअक्का बेळगावहून आली. उमाकांत चपला शोधत होते, तेवढ्यात शंभूराज म्हणाला, "आत्या, मल्लेश्वरमला येता? काडू मल्लेश्वराच्या देवळाजवळ शहाजीराजांचे चिरंजीव एकोजीराजे, त्यांच्या दानाचा शिलालेख आहे."

भागुअक्का संध्याकाळी परतली ती आनंदाने ओसंडतच. "उमा, अरे, आपल्या राजांचा लेख! आणि तू इतकी वर्षं मला लालबागेतली फुलं दाखवत बसलास?"

सगळे हसले. उमाकांतही हसले, पण वरवर. त्या देवळात ते लहानपणापासून जात होते. नमस्कार करायचा, प्रसाद घ्यायचा, बाहेर पडायचं. तिथे कुणाचा लेख असेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि ते कालच्या पोराने दाखवावं!

तेव्हापासून त्यांना जावयाचं काही सोसेना. नातेवाईक फोन करून शंभूराजची चौकशी करू लागले की ते टीव्हीचा आवाज वाढवत. "उन्हातान्हात माणसं हिंडवतो," ते बायकोला, सत्यवतीला ऐकवत. "बघण्यासारखं असतं तर आम्ही बघितलं नसतं?" ती पोळ्या लाटत असे.

संक्रांतीला सगळे जमले असताना उमाकांतांनी डाव टाकला. "शंभूराज, तुम्ही पुष्कळ पाहिलंत, पण आमची कल्याणी नाही पाहिलीत. दगडी पायऱ्यांचं तळं. मी पोहायला शिकलो तिथे. चला, आज मी दाखवतो."

"खरंच?" शंभूराजचे डोळे चमकले. "मला कुणी बोललंच नाही. चला ना, अण्णा!"

त्याच्या त्या उत्साहाचाही उमाकांतांना राग आला. जरा तरी चेहरा उतरायला हवा होता.

उमाकांतांनी गाडीत पुढे बसून वाट सांगितली. डावीकडे, मग शाळेवरून उजवीकडे, मग चिंचेचं झाड. झाड काही आलं नाही. आली ती काचेच्या दर्शनी भागाची सहा मजली इमारत. उमाकांत उतरले, इकडे-तिकडे फिरले आणि शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्याला कल्याणी कुठे म्हणून विचारलं.

"कल्याणी?" तो बुचकळ्यात पडला. "इल्ला सर. खाली पार्किंग आहे फक्त."

स्मृती वडिलांकडे बघेना. शंभूराज मात्र हळूच म्हणाला, "अण्णा, तुम्ही पाहिलीत तरी. आम्हाला ते नशीब कुठलं?" हे तो मनापासून बोलला होता, आणि म्हणूनच ते उमाकांतांना थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळा राग सत्यवतीवर काढला. "तुझ्या जावयाला मजा वाटली असेल आज!"

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. "अहो, तुम्ही इतकी माणसं शहरभर फिरवलीत. मी कधी बरोबर होते?"

उमाकांतांनी टीव्हीचा रिमोट उचलला.

"तुम्ही पाहुण्यांना घेऊन निघायचात, मी त्यांच्या जेवणाला लागायचे. बसवनगुडीचा नंदी मी लग्नानंतर एकदा पाहिला, तोही तुमच्या आईला देवदर्शन करवायचं होतं म्हणून. शंभूराजने विचारलंय, रविवारी बेगूरच्या देवळात येता का. मी जाणार आहे. तुम्ही यायचं तर या."

"मी नाही यायचा," उमाकांत म्हणाले.

रविवारी सत्यवती अबोली रंगाची साडी नेसली आणि मुलगी-जावयाबरोबर गेली. उमाकांतांनी वर्तमानपत्र उघडलं, मिटलं. स्वयंपाकघरात जाऊन झाकलेलं ताट उघडून पाहिलं आणि पुन्हा झाकलं. शेवटी त्यांनी रिक्षा बोलावली.

बेगूरचं नागेश्वराचं देऊळ जुनं, काळ्या दगडाचं. आवारात शिरताच त्यांना तिघं दिसली. उभ्या रोवलेल्या एका शिळेपुढे शंभूराज गुडघे टेकून बसला होता आणि सत्यवती वाकून त्याच्या बोटाकडे पाहत होती. मग तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. तोंडावर पदर न घेता, मान मागे टाकून, मोठ्याने.

उमाकांत तिथेच थबकले. इतक्या वर्षांच्या संसारात हे हसू त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. शिलालेख, तळी, पाहुण्यांची वाहवा, सगळं एकदम फिकं झालं. आता जे बोचलं ते आजवरच्या मत्सराहून कितीतरी झोंबरं होतं, कारण या वेळी दोष द्यायला दुसरं कुणी सापडेना. परत फिरावं असं त्यांना वाटलं. रिक्षावाला अजून फाटकाशीच होता.

पण सत्यवतीने वर पाहिलं. "आलात?" ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता, आग्रहही नव्हता.

उमाकांत जवळ गेले. शंभूराज गडबडीने उठू लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा, बसा. काय आहे हे?"

"लेख आहे, अण्णा. हजार-अकराशे वर्षांपूर्वीचा. बेंगळूरच्या लढाईत मारल्या गेलेल्या एका वीराचा. म्हणजे हे नाव तेव्हाही होतं."

"शहर वसवलं त्या केंपेगौडांच्याही आधी?"

"कितीतरी आधी."

उमाकांतांनी चष्मा पुसला. अक्षरं जुनी होती, एकही ओळखता येईना. "कुठे लिहिलंय ते नाव?" त्यांनी विचारलं.

शंभूराज सांगणार, एवढ्यात सत्यवतीच पुढे झाली. "थांब रे, मी दाखवते. मला आत्ताच कळलंय." तिने नवऱ्याचं मनगट धरलं, त्यांचं बोट दगडाजवळ नेलं आणि म्हणाली, "स्वल्प वाका. इथून बघा."

उमाकांत वाकले. जावई हसत होता, आणि ते त्यांना अजूनही थोडं खुपलंच.