फानीची बशी

आमच्या नाटकात मेलेला बाप रोज संध्याकाळी घरी कॉफी प्यायला येतो. पहिल्यांदा ते दक्षिण आफ्रिकेतल्या पार्ल गावात केलं, तेव्हा बापाचं काम माझ्या नवऱ्याने, फानीने, केलं होतं. "मढी कॉफी पितात होय?" म्हणत चर्चच्या पाद्रीबाबांनी तिसरा प्रयोग बंद पाडला. पुढे सरकार बदललं, पाद्रीही बदलले, नाटक पुन्हा उभं राहिलं. पण तोवर फानी गेला होता. त्याची जागा कुणालाच द्यायची नाही, असं मी बजावलं. तेव्हापासून खुर्ची रिकामी असते. मी नाटकातही त्याची बायको. खरी कॉफी बशीत ओतून खुर्चीपुढे ठेवते, कारण फानी बशीनेच प्यायचा.

यंदा औट्सहोर्न गावच्या नाट्यमहोत्सवात रोज पडदा पडला की बशी कोरडी! माझा संशय रूआनवर. मुलाचं काम करणारा हा गडी खुर्चीला खेटूनच बसतो.

"मावशी, शप्पथ, मी कॉफी पीतच नाही!"

"साळसूदपणाचा आव आणू नकोस," म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी किटलीत चांगलं मीठ ढवळलं.

अख्खा प्रयोग त्याच्यावर डोळा ठेवला. त्याने बशीला बोटही लावलं नाही. पडदा पडला, तरी बशी रिकामी.

"जीभ दाखव, मेल्या!" मी खेकसले.

त्याने माझ्या तोंडाकडे बोट केलं. "मावशी, कॉफी तुमच्या हनुवटीवरून ओघळतेय."

मी ओठांवरून जीभ फिरवली. खारट लागली.