शिलाच्या जागी

जिवनबाईनं कापूस पाण्यात बुडवून सुनेच्या ओठांवरून फिरवला. शिलानं डोळे किलकिले केले. गुंगी पुरती उतरली नव्हती. तिचा पहिला प्रश्न लेकराबद्दल नव्हता.

"याडी, ते बी झालं ना?" सासूला ती तांड्याच्या बोलीत याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"झालं असंल की. पोट उघडलंच हुतं."

पाळण्यात तिसरी मुलगी झोपली होती. तांबी बसवलेली असतानाच हिच्या वेळी दिवस गेले होते. रक्तदाबामुळे गोळ्या चालत नव्हत्या. त्यात आधीची दोन्ही बाळंतपणं पोट फाडूनच झालेली. पुन्हा दिवस गेले तर पिशवी फाटेल, असं डॉक्टर पूनमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं. या वेळी सिझर करतानाच नळ्या बांधून टाकू, असंही. त्या शब्दावर शिलानं सगळे महिने काढले होते.

डॉक्टर आल्या. उगाच सलाईनची नळी सरळ केली, मग खाटेच्या कडेला बसल्या.

"शिला, नळ्या बांधता आल्या नाहीत."

"काहून?" जिवनबाईनं विचारलं. "काही बिघडलं का?"

"बिघडलं काहीच नाही. आपला हा मिशनचा दवाखाना गेल्या महिन्यात त्या दुसऱ्या मोठ्या मिशनच्या ताब्यात गेला ना. त्यांच्या धर्मात हे ऑपरेशन बसत नाही. मला वाटलं, हिच्या जिवाला धोका आहे, परवानगी देतील. टेबलावरूनच त्यांच्या वरच्या लोकांना फोन करायला लावला. नाही म्हणाले."

"पोट उघडं असताना?"

"हो."

जिवनबाई भिंतीकडे बघत राहिली. तांड्यातल्या कितीतरी बाया तिनं ट्रॅक्टरवर बसवून याच दवाखान्यात आणल्या होत्या.

"माझं बी हितंच झालं हुतं ऑपरेशन," ती म्हणाली. "तवा देवाला चाललं?"

शिलानं तोंड पाळण्याकडे वळवलं.

थोड्या वेळानं डॉक्टर उठल्या आणि दारात उभ्या असलेल्या शिलाच्या नवऱ्याला, प्रेमदासला म्हणाल्या, "नांदेडला होईल हिचं. पण आत्ता नको, अंगात रक्त नाही. नाहीतर तुम्हीच करून घ्या. पुरुषांचं सोपं असतं."

प्रेमदासनं चपलेचा अंगठा चाचपला. "बघू," म्हणाला.

जखम भरल्यावर ते नांदेडला गेले. तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि अजून चार घास चांगले खाऊ घाला, संक्रांतीनंतर आणा, असं सांगून परत पाठवलं.

घरी आल्या दिवशीच जिवनबाईनं आपलं अंथरूण शिलाच्या खोलीत घातलं. प्रेमदासची वाकळ बाहेर, बैलांच्या छपरात गेली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सकाळी तो आत यायचा, बाळाला मांडीवर घ्यायचा आणि एखाद्या पाहुण्यासारखा विचारायचा, "जेवलीस का?" शिला मान हलवायची. एकदा ती त्याला घोंगडी द्यायला गेली आणि छपराच्या खांबाला टेकून जरा उभी राहिली. तो तिच्या हातावर हात ठेवणार, तोच आतून जिवनबाई खोकली. शिला घरात आली.

दिवाळीनंतर ऊसतोडीला न्यायला मुकादमाचा ट्रक आला. आता परत यायचं ते उन्हाळ्यातच. ऊस तोडायला जोडी लागते. एकानं तोडायचा, दुसऱ्यानं मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या. राहायला ताडपत्रीची एकच खोपी. आदल्या संध्याकाळी शिला बोचकं बांधत होती, तेव्हा प्रेमदास हळूच म्हणाला, "चल तू. मी जपीन तुला."

शिलाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी उमटलं. चुलीपाशी बसलेल्या जिवनबाईनं ते पाहिलं.

सकाळी जिवनबाईनं ते बोचकं सोडलं. शिलाची लुगडी काढून ठेवली, आपली दोन घातली आणि गाठ मारली.

"लेकरू लहान हाय," ती म्हणाली. "मी जाते."

"याडी, तुमचे गुडघे..."

"मोळ्या बसून बांधीन."

"आन् डोक्यावरून कोन नेईल?" प्रेमदास म्हणाला.

जिवनबाईनं बोचकं काखेला मारलं. ऊसतोड सोडून तिला बरीच वर्षं झाली होती. ट्रकच्या फाळक्यावर तिचा पाय चढेना, तेव्हा प्रेमदासनं तिला कमरेला धरून वर घेतलं. तांड्यातल्या इतर जोड्या सरकल्या, माय-लेकांना जागा करून दिली.

शिला बाळाला घेऊन खाली उभी होती. प्रेमदासच्या अचानक काहीतरी ध्यानात आलं. तो फाळक्यावरून वाकला.

"संक्रांतीनंतर नांदेडला कोन नेईल गं तुला?"

शिलानं सासूकडे पाहिलं. जिवनबाईचा पदर तोंडाशी गेला. ती उठू लागली, गुडघ्यावर हात टेकून अर्धवट उठलीसुद्धा, पण ट्रक हलला आणि ती पुन्हा खाली बसली.

"तुमी आल्यावर जाऊ," शिला म्हणाली.

इंजिनाच्या आवाजात ते ट्रकवर कुणाला ऐकू गेलं नाही.