उपाशी शेठचा बोलपट

आपणच केलेला गुन्हा तिकीट काढून पाहायची पाळी उखर्डूवर आली, आणि तीही जमिनीवर बसून. यावलच्या बाजारात तंबू लागला होता. मोतीलाल शेठना दरोडेखोरांनी पळवल्याची खरीखुरी हकीकत बोलपटात पाहा, असा डांगोरा आठवडाभर पिटला जात होता. उखर्डूला हसावं की रडावं कळेना. शेठना पळवलं होतं त्यानंच, आणि इतक्या वर्षांत त्याच्यावर कुणाचा संशयही गेला नव्हता.

पडद्यावरचा दरोडेखोर पांढऱ्या घोड्यावरून आला, मिशीला पीळ देत, वर गाणं म्हणत. उखर्डूनं शेजारी बसलेल्या बायकोला, झुंबरबाईला, कोपरानं ढोसलं.

"घोडा कुठून आला व? आपली तर बैलगाडी व्हती. तीबी मांगून आनेल."

"हयू बोला," झुंबरबाई म्हणाली. "लोक आयकू राह्यले."

पडद्यावरचे शेठ वडाखाली पद्मासन घालून बसले होते. दरोडेखोर पंचपक्वान्नांचं ताट पुढे करी आणि शेठ तोंड फिरवीत. शेवटी त्या उपासाच्या तेजानं दोर आपोआप तुटले आणि शेठनी कड्यावरून उडी घेतली. तंबूत टाळ्यांचा पाऊस पडला. उखर्डूला मात्र कुणीतरी भर चौकात थोबाडीत मारल्यासारखं झालं.

खरी गोष्ट अगदीच साधी होती. उखर्डू आणि त्याचा चुलतभाऊ निंबा, दोघांनाही त्या वर्षी दुर्बुद्धी सुचली. आपल्या कापसाच्या जिनातून घरी निघालेल्या शेठना त्यांनी गाडीत घातलं आणि डोळे बांधून केळीच्या बागेतल्या खोपीत आणून ठेवलं. पुढे खंडणी मागायला जायचं कुणी, यावरून दोघांचं जे भांडण जुंपलं ते मिटलंच नाही. तू जा, नाही तू जा! त्यामुळे खंडणी मागायची राहिली ती राहिलीच. झुंबरबाईनं दोघांना शिव्यांची लाखोली वाहिली, पण दारी आलेला माणूस उपाशी ठेवायचा नाही म्हणून वांगी भाजायला घेतली.

आता शेठच्या घरी कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे, त्यातून चातुर्मास. जेवणापुरती डोळ्यांवरची पट्टी सुटायची, तेव्हा हे दोघं उपरण्यानं तोंड झाकून बसायचे. पहिल्या दिवशी शेठनी भरिताकडे पाहून तोंड फिरवलं, इतकं बोलपटात खरं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोट लावून चाखलं. त्यानंतर ते रोज विचारू लागले, "भरीत आहे ना? पात टाकली ना?" कांद्याची हिरवी पात वरून भुरभुरलेली नसली की शेठ रुसत. मग कापूस वेचणीला आला, राखणीला माणूस उरेना, म्हणून या दोघांनी त्यांना गाडीत घालून गावच्या वेशीवर सोडून दिलं. उतरताना शेठनी मागे वळून एक उसासा टाकला होता.

गावात येऊन शेठनी सांगितलं, मी पाण्याच्या घोटावर राहिलो. लोक पाया पडले. अंगानं भरलेले दिसले तर म्हणाले, तपाचं तेज! त्यांच्या बायकोनं, पुष्पाबाईनं, त्यांचे पाय धुऊन तीर्थ घेतलं.

इथवर सगळं ठीक होतं. निंबा मरून गेला होता आणि उखर्डू तोंड मिटून राहिला असता. पण बोलपटात दरोडेखोर झालेला नट, धुळ्याचा रतिलाल, सत्कारासाठी यावलला आला आणि तंबूच्या दारातच फौजदारानं त्याच्या मुसक्या बांधल्या. फौजदार नवा होता आणि बोलपट त्यानं पुन्हा पुन्हा पाहिला होता. ओळखपरेड झाली. शेठ रांगेपुढून चालले आणि रतिलालच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हाच तो." शेठ खोटं बोलत नव्हते. तेही रोज पहिल्या रांगेत बसत होते, आणि आता त्यांना खरोखर हाच चेहरा आठवत होता.

"अहो, मी नट आहे!" रतिलाल रडत होता. "मला घोड्यावर नीट बसताही येत नाही!"

"ते कोर्टात सांग," फौजदार म्हणाला. "गुन्हा करताना तुला अख्ख्या गावानं पाहिलंय."

पोराची आई धुळ्याहून येऊन चावडीच्या पायरीवर बसली. आपल्या पापाची सजा दुसऱ्याच्या लेकराला होते, हे त्याला सहन होईना.

"जा ना मंग," झुंबरबाई म्हणाली. "सांगून टाका. त्या मायकडी पाह्यवत नाही."

उखर्डू गेला. "साहेब, शेठले म्या पयवलं व्हतं."

फौजदारानं त्याला खालून वर न्याहाळलं. "घोडा कुठाय तुझा?"

"घोडा नाही साहेब."

"गाता येतं?"

"नाही साहेब."

"मग चालता हो. प्रसिद्धीसाठी कोण काय करील याचा नेम नाही."

शेवटी खटल्याच्या दिवशी उखर्डू मामलेदारांच्या कचेरीत घुसला आणि सगळ्यांसमोर ओरडून बोलला. मामलेदार वैतागले होते, पण माणूस विचारी होता. "पुरावा काय?"

"शेठ माह्या खोपीत काय जेवले ते त्यायले इचारा."

पुष्पाबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली. शेठ लाल झाले. "मी निराहार होतो. हे अख्खा खानदेश जाणतो."

तेव्हा झुंबरबाई पुढे आली. काखेतलं गाठोडं तिनं मामलेदारांच्या टेबलावर ठेवलं आणि सोडलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि वाडग्यात भरीत. लसणाचा वास पहिल्यांदा कारकुनांपर्यंत गेला, मग पट्टेवाल्यापर्यंत.

शेठ उठून टेबलाशी आले. त्यांनी वाडग्यात वाकून पाहिलं. पलीकडे रतिलाल हुंदके देत होता आणि दाराशी त्याची आई पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती. शेठनी तिच्याकडे पाहिलं, परत वाडग्याकडे पाहिलं, आणि उखर्डूला अगदी घरच्यासारखं विचारलं, "आज पात नाही टाकली?"

"उन्हाया आहे शेठ," उखर्डूच्या तोंडून निघून गेलं. "पात कुठून आनू?"

"आज?" पुष्पाबाई म्हणाल्या. "आज म्हणजे काय?"

शेठ चुकून बोलले की जाणूनबुजून, हे उखर्डूला पुढे तुरुंगातही उमगलं नाही. पण ज्या माणसाला नुसत्या हातानं चाचपून कापसातली सरकी कळते, तो इतक्या सहज चुकेल असं त्याला वाटत नव्हतं, आणि त्यासाठी त्यानं शेठना मनातून हात जोडले.

रतिलालच्या बेड्या निघाल्या आणि उखर्डूच्या हातात पडल्या. फौजदार अजून कुरकुरतच होता की हा काही दरोडेखोर शोभत नाही. पोरगं येऊन उखर्डूच्या पाया पडलं.

"ऊठ बाप्पा," उखर्डू म्हणाला. "मायले घेऊन घरी जाय. अन् ते गानं काढून टाक, म्या कधी गायलो नाही."

झुंबरबाई डोळे पुसत गाठोडं आवरू लागली, तर शेठ अजून तिथंच उभे, वाडग्यावर नजर लावून. तिनं भाकरीचा अर्धा तुकडा मोडला, त्यावर भरीत घातलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. सगळं यावल बघत होतं. शेठनी घास घेतला, मग दुसरा. तिसऱ्याला त्यांना जोराचा ठसका लागला, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागलं ते काही केल्या थांबेना.

पुष्पाबाई उठल्या. ज्या माणसाचं तीर्थ घेतलं होतं त्याच्याकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग तांब्यातून पाणी ओतून त्यांनी पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "सावकाश जेवा."