गोलमधली जागा

धम्मशीला इंगळे भारताच्या गोलमध्ये पहिल्यांदा उभी राहिली, त्या दिवशी तिच्यावर एकोणीस गोल झाले. आपल्या मुलींची परदेशातली ती पहिलीच लॅक्रोस स्पर्धा, कोरियात. समोरच्या जपानी मुली शाळेपासून हा खेळ खेळत आलेल्या. आपल्या बारा जणींपैकी निम्म्यांनी वर्षभरापूर्वी लॅक्रोसची स्टिक, म्हणजे टोकाला जाळी असलेली ती काठी, हातातसुद्धा धरली नव्हती. त्या जाळीतून सुटलेला कडक रबरी चेंडू दिसायचाच नाही. मागे गोलच्या जाळ्यात तो थडकला की कळायचं. सामना एकोणीस-एक असा संपला.

परतल्यावर नांदुऱ्याच्या स्टेशनवर तिला न्यायला वडील आले होते. भाऊराव नांदुऱ्यातल्या एका जिनिंगमध्ये काट्यावर होते, आलेल्या गाड्यांचा कापूस मोजून घ्यायचे. ड्युटीवरून थेट आलेले, केसांत कापसाचं तूस अडकलेलं. गावच्या, वडनेर भोलजीच्या बसमध्ये ते तिच्या शेजारी बसले. मग म्हणाले, "एकोणीस गेले. अडवले किती?"

"तेवीस."

"मंग तू तेवीस सांगत जाय. गेलेले मोजाले दुसरे लय हायेत."

धम्मशीला खिडकीबाहेर बघत हसली. कोरियातून निघाल्यापासून पहिल्यांदा.

ती नववीत असताना शाळेतले खेळाचे शिक्षक चंद्रशेखर सर कुठल्याशा शिबिरातून दोन स्टिका घेऊन आले होते. बाकीच्या त्यांनी बांबूला कोळ्याकडची जाळी बांधून करून घेतल्या. गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार होईना. धम्मशीला तयार झाली, कारण तिला पळायचा कंटाळा होता. हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. पहिलाच चेंडू मांडीवर बसला आणि तिथलं कातडं आठवडाभर निळं होतं. दुसऱ्या दिवशी ती परत उभी राहिली. पुढं भाऊराव रोज सकाळी ड्युटीच्या आधी विहाराच्या मागच्या मोकळ्या जागेत तासभर तिला चेंडू फेकायला लागले. त्यांना या खेळाचे नियम शेवटपर्यंत नीट कळले नाहीत. पण तिचा उजवा हात खाली पडतो, हे सगळ्यांत आधी त्यांनीच पाहिलं.

कोरियानंतरच्या वर्षी थायलंडला स्पर्धा झाली. तिथं भारतानं पहिला सामना जिंकला. आठ-सात. तिसऱ्या सत्रात एका चेंडूसाठी वळताना धम्मशीलाचा पाय गवतात रुतून राहिला आणि शरीर पुढं गेलं. गुडघ्यात काहीतरी सुटलं. संघात दुसरी गोलकीपर नव्हती. तिनं पट्टा आवळून बांधला आणि उरलेला खेळ एका पायावर काढला. जिंकल्यावर सगळ्या येऊन तिच्या अंगावर पडल्या. ती ताठ उभीच राहिली, कारण बसली असती तर उठता आलं नसतं.

"मुरगळला फक्त," तिनं सरांना सांगितलं. सर आता संघाचे व्यवस्थापक झाले होते.

अकोल्याच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं. लिगामेंट तुटलं होतं. ऑपरेशन, मग नऊ महिने आराम. तिनं रिपोर्टची घडी करून कपाटात कपड्यांखाली ठेवली आणि फक्त वडिलांना सांगितलं.

"करून टाकू ना ऑपरेशन," भाऊराव म्हणाले. "सरकारी योजनेत होते."

"नऊ महिने गोलात कोण उभं राहीन, बाबा?"

भाऊराव तिच्यासाठी बर्फ आणायला गेले.

पुढची दोन वर्षं ती तशीच खेळली. सकाळी पट्टा, संध्याकाळी बर्फ. सर कधी विचारायचे, "गुडघा कसा हाये?" ती म्हणायची, "मस्त." आणि त्या दोन वर्षांत संघ वर चढत गेला. ज्यांच्याकडून आधी दहा-बारा गोलांनी हरायचो, त्यांच्याशी दोन-तीन गोलांनी हरायला लागलो, मग बरोबरी व्हायला लागली, मग जिंकायला लागलो. सारख्या रंगाचे बूट आले. परदेशातून एक कोच मॅडम आल्या. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी यायच्या, तिथं फोटो यायला लागले.

पायल तिला याच काळात सापडली. संग्रामपूरच्या शेतकरी घरातली, तेव्हा पंधरा वर्षांची. जिल्ह्याच्या शिबिरात चेंडू तोंडावर येत असताना या पोरीच्या पापण्या मिटत नाहीत, हे धम्मशीलानं पाहिलं आणि सरांना म्हणाली, "ही मले द्या." सुट्ट्यांमध्ये पायल वडनेरला इंगळ्यांकडेच राहायची. पहिल्यांदा राहायला आली तेव्हा तिच्या घरून रोज बसच्या कंडक्टरबरोबर डबा यायचा. आठ दिवसांनी तिनं घरी फोन करून सांगितलं, डबा नका पाठवू, मी इथंच जेवते. घरून काय बोलणं झालं ते तिनं कधी सांगितलं नाही, पण डबा बंद झाला.

आता सकाळी भाऊराव दोघींना चेंडू फेकायचे. धम्मशीलानं तिला सगळं दिलं. पाय कुठं ठेवायचा, समोरचीच्या खांद्याकडं बघायचं की काठीकडं, गोल झाल्यावर मान खाली घालायची नाही. हातचं काही राखलं नाही. पायल तिला ताई म्हणायची आणि तिच्याच ताटात जेवायची.

यंदा आशियाई स्पर्धेसाठी शेवटचं शिबिर पुण्याला होतं. बारा जणी न्यायच्या, त्यात गोलकीपर एकच. शिबिराच्या नवव्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, सरांनी धम्मशीलाला मैदानाच्या कडेच्या बाकावर बोलावलं.

"मॅडमचं ठरत नाई," ते म्हणाले. "तुह्याकडं अनुभव, पायलकडं चपळाई. त्यायनं मले विचारलं, म्हणून मी तुले विचारून राह्यलो. खरं सांग. गुडघा कसा हाये?"

समोर पायल एकटीच सराव करत होती. एक मुलगी तिला डावीकडे खाली चेंडू मारत होती आणि पायल तो घेत होती. पुन्हा घेत होती. डावीकडे खाली येणारा चेंडू आपल्याला आता मिळत नाही, हे धम्मशीलाला वर्षभरापासून ठाऊक होतं. समोरच्या संघांना ते अजून कळलं नव्हतं, एवढंच. पण कधीतरी कळणार होतं, आणि ते अंतिम सामन्यातही कळू शकलं असतं.

"गुडघ्यात लिगामेंट नाई, सर," ती म्हणाली. "थायलंडपासून नाई."

सरांनी समोर सराव करणाऱ्या पायलकडं बघितलं.

"अन् पायल?"

"पायल माह्यापेक्षा चांगली हाये."

"होईन का हाये?"

"हाये. आजच हाये."

तिला वाटलं होतं, सर आता खांद्यावर हात ठेवतील. पण सर उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "दोन वर्सं मले खोटं सांगतलं तू. तुह्या पायाले कायमचं काई झालं असतं तं तुह्या बापासमोर मी कोण्या तोंडानं उभा राह्यलो असतो?" एवढं म्हणून ते मॅडमच्या खोलीकडं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी लागली. पायल यादीपाशी उभी राहून रडायला लागली, तेव्हा धम्मशीलाच तिला बाजूला घेऊन गेली, तोंड धुवायला लावलं, आणि आपले छातीचे पॅड तिच्या अंगावर बसतात का ते बघितलं. जरा सैल होत होते. तिनं दोन्ही बाजूंचे पट्टे ओढून दिले.

नांदुऱ्याच्या स्टेशनवर भाऊराव आले होते. यावेळी त्यांनी काही विचारलं नाही. तिची बॅग घेतली आणि बसमध्ये तिला खिडकीजवळ बसवलं.

अंतिम सामना शाळेच्या हॉलमध्ये पडद्यावर दाखवला. भारत अंतिम सामन्यात पोचला होता, आणि समोर जपान होता. गाव लोटलं होतं. ज्यांनी लॅक्रोस हे नाव कधी नीट उच्चारलं नव्हतं तेही आले होते. शाळेतल्या ज्या लहान मुलींना धम्मशीला लॅक्रोस शिकवायची त्या तिच्या बाकाभोवती जमिनीवर बसल्या होत्या. भाऊराव मागं भिंतीला टेकून उभे होते.

नऊ-आठ. भारत पुढं. शेवटचं अर्धं मिनिट राहिलेलं असताना एक जपानी मुलगी एकटीच मोकळी सुटली. तिनं काठी मागं नेली तेव्हाच धम्मशीलाला कळलं, डावीकडे, खाली. बसल्या जागी तिचं सगळं अंग डावीकडं गेलं आणि दुखरा गुडघा पुढच्या बाकावर आपटला.

पायलनं तो चेंडू घेतला.

हॉलमध्ये कुणाचं कुणाला ऐकू येईना. मुली तिच्या गळ्यात पडल्या. "ताई, आपण जिकलो," एक जण तिचे गाल धरून सांगत होती. "हाव, जिकलो," धम्मशीला म्हणाली. ती हसत होती. नंतर ती लंगडत बाहेर आली, शाळेमागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेली आणि नळ सोडून बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

चार दिवसांनी संघातली जिल्ह्याची मुलगी म्हणून पायलची नांदुऱ्यात मिरवणूक निघाली. स्टेशनपासून चौकापर्यंत फ्लेक्स लागले होते. पायल, मॅडम, सर, आणि वर दोन ओळींत पुढाऱ्यांचे चेहरे. धम्मशीला नव्हती. मुद्दाम वगळलं असंही नाही. छापणाऱ्याला कुणी तिचा फोटो दिला नव्हता. पायलनं तिला गर्दीतून गाडीवर वर ओढून घेतलं. सूत्रसंचालकानं माइकवरून तिची ओळख "पायलच्या सरावातल्या मैत्रीण" अशी करून दिली. पायलनं माइक मागितला, पण तेवढ्यात प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले, आणि त्यांचं भाषण संपेपर्यंत लोक पांगले होते.

संध्याकाळी पायल एकटीच वडनेरला आली. ओट्यावर बसली. गळ्यातलं पदक काढून तिनं धम्मशीलाच्या हातात ठेवलं. धम्मशीलानं ते उलटंपालटं करून बघितलं, त्यावरची अक्षरं वाचली आणि परत दिलं.

"तुमचं हाये, ताई."

"नाई. तुहं हाये. थो शेवटचा चेंडू मले नसता भेटला."

पायलनं पदक मुठीत धरलं. मग म्हणाली, "सरायनं मले सांगतलं सगळं. तुम्ही काऊन सांगतलं त्यायले? माह्यासाठी?"

"तुह्यासाठी नाई. मी खोटं बोलली असती तं आपण हरलो असतो."

"मले अशी जागा नोको होती, ताई."

"मले बी नोको होतं असं," धम्मशीला म्हणाली. आवाज चढला होता, तो तिचा तिलाच ऐकू आला. "पण झालं ना आता. तू जाय. शेवटची बस चुकीन."

पायल उठली, वाकून पाया पडली. तसं ती कधी पडायची नाही. ती फाट्याकडं वळेपर्यंत धम्मशीला दारात उभी होती.

जेवताना भाऊरावांनी अकोल्याच्या डॉक्टरांना फोन केल्याचं सांगितलं. पुढच्या महिन्यातली तारीख मिळत होती. चालायला, जिना चढायला पाय चांगला होईल म्हणे.

"अन् खेळाले?" त्यांनीच विचारलं, आणि विचारल्यावर त्यांना वाईट वाटलं.

"नाई, बाबा. आता नाई." हे तिनं पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं होतं. भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवून ती म्हणाली, "एक सांगू? थो चेंडू सुटला ना, हॉलमंधी, तवा मले वाटलं, जावा आत. माह्यं अंग अडवाले गेलं, अन् मनात आलं, जावा."

आणि मग ती रडली. पुण्यापासून न रडलेलं सगळं एकदम आलं. भाऊराव हातातली वाटी तशीच धरून बसून राहिले. तिचा हुंदका जरा बसल्यावर ते म्हणाले, "मले बी तेच वाटलं होतं, बाई. मी मागं भितीले उभा होतो. कोणाले सांगतलं नाई."

मग त्यांनी तिच्या ताटातली गार झालेली भाकरी आपल्या ताटात घेतली आणि तिला तव्यावरची गरम वाढली.

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. सर अकोल्याला येऊन गेले. बराच वेळ बसले, आणि निघताना म्हणाले, लहान मुलींची टीम तुह्यावाचून अडून हाये. ती म्हणाली, बघू. अजून ती मैदानावर गेलेली नाही. पायल आता पुण्यात असते, जागतिक स्पर्धेची तयारी चालू आहे, आणि ती दर रविवारी फोन करते. कधी धम्मशीला तो उचलते. कधी भाऊराव उचलतात आणि सांगतात, ताई झोपली हाये.